बहिष्कार टाकला की पहिला फटका कुणाला?

२०१३ च्या एप्रिलमध्ये मी रविवार पेठेत मामांच्या कापडाच्या दुकानात हिशोब लिहायला बसायचे. तेव्हाच जकात जाऊन एलबीटी आला होता, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणि व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की हा कायदाच अन्यायाचा आहे, नुसता कर भरायचा असता तर भरला असता पण खरेदीची एकेक नोंद ठेवा, रिटर्न भरा, वर कुणी अधिकारी कधीही येऊन दप्तर तपासणार, म्हणून पुण्यात शटर खाली आली आणि बरेच दिवस खालीच राहिली. मामांचं म्हणणं मला तेव्हा पटत होतं, आजही बरंचसं पटतं. पण आमच्याकडे गठ्ठे उचलणारे एक हमाल होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, ते बंदच्या काळातही रोज दहाला यायचे. दुकानाच्या पायरीवर बसायचे, खांद्यावरचा पंचा घडी करून मांडीवर ठेवायचे, एक वाजेपर्यंत वाट बघायचे आणि उठून जायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, मामांना विचारा ना, किती दिस चालायचं हे?"

मी वही उघडून बघितली. सेल्समनच्या पगाराचा रकाना महिन्याचा, तो भरणारच होता. लाइट बिल, फोन, सगळं नेहमीसारखं. हमालीचा रकाना मात्र रोजचा, आणि त्यात रोज नुसती आडवी रेघ.

बंद आणि बहिष्कार एक नाहीत हे मला माहितीये. बंदमध्ये विकणारा विकायचं थांबवतो, बहिष्कारात घेणारा घ्यायचं थांबवतो, आणि निर्बंध म्हणतात ते सरकारच घालतं. पण पायरीवर बसलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर तिन्हींचा रस्ता एकच आहे. म्हणून एखाद्या कायद्यावरून कुणी म्हणालं की या देशाचा माल घेऊ नका, त्या राज्यात कार्यक्रम करू नका, आणि लगेच दुसरा कुणी म्हणाला की अहो पण त्यानं गरीब कामगारच मरतो, सरकारचं काय जातंय, तर मला अण्णा आठवतात आणि दुसऱ्याचं बरोबर वाटतं. मग मी या विषयावर बरंच वाचलं, आणि आता असं वाटतं की ते वाक्य खरं आहे पण अपुरं आहे. ते कोण बोलतंय यावर फार काही अवलंबून आहे.

आधी पैशाचा रस्ता समजून घेऊ. समजा बाणेरकडच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात चारशे लोकांची तीन दिवसांची कॉन्फरन्स ठरली होती आणि कायद्याच्या निषेधात ती रद्द झाली. पहिला फोन कुणाला जातो? ठेकेदाराला, की उद्या तीस पोरं पाठवू नको. ही पोरं फंक्शनवारी पैसे घेणारी, फंक्शन नाही तर पैसे नाहीत, बात संपली. मग फुलवाला, मग चादरी-टेबलक्लॉथ धुणारी लाँड्री, मग एअरपोर्टच्या फेऱ्या मारणारे कॅबवाले ज्यांचा गाडीचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. हॉटेलच्या कायम स्टाफचा पगार या महिन्यात तरी होतोच. मालकाकडं बँकेची ओव्हरड्राफ्टची सोय आहे, कधी विमा आहे, आणि यंदाचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून टॅक्समध्ये वजा करायची सोय आहे. असे आणखी दहा-वीस कार्यक्रम रद्द झाले, दोन तिमाह्या वाईट गेल्या, की मग कुठं मालक मंत्र्यांना फोन करतो आणि म्हणतो साहेब, त्या कायद्याचं काहीतरी बघा.

म्हणजे खालच्या माणसाला फटका पहिल्या दिवशी, आणि ज्याच्या फोननं कायदा हलू शकतो त्याला सहा-आठ महिन्यांनी. बहिष्काराचं सगळं गणित या मधल्या काळात आहे. आणि यातूनच एक गोष्ट निघते जी फार कमी लोक बोलतात: जोशात सुरू करून दोन महिन्यांत विसरलेला बहिष्कार हा सगळ्यात वाईट, कारण खालच्यांची किंमत पूर्ण वसूल झाली आणि वरच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

अजून एक. तुम्ही एका कंपनीचा साबण घेणं सोडलंत तरी आंघोळ सोडत नाही, दुसऱ्याचा साबण घेता, म्हणजे एका कारखान्यातलं काम कमी झालं आणि दुसऱ्या कारखान्यात वाढलं. एकूण रोजगार बुडाला असं नाही, तो सरकला. पण ज्याच्याकडून सरकला त्याला हे सांगून काय उपयोग, त्याचं घर तिथंच आहे, पोरांची शाळा तिथंच आहे.

आता आपल्याकडचीच गोष्ट, आणि ही "बॉयकॉट" हा शब्द जन्माला यायच्या आधीची आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढवलेला, आणि इंग्रजांच्या दिवाणी कोर्टांचा कायदा असा की सावकारानं कागद दाखवला की हुकूमनामा, शेतकऱ्याला वाचता येत नाही, अंगठा कशावर दिला माहीत नाही, आणि घर-जमीन लिलावात. गावानं ठरवलं की सावकाराचं रान कुणी कसायचं नाही, त्याच्या दुकानातून घ्यायचं नाही, आणि न्हाव्यापासून पाणक्यापर्यंत कुणी त्याचं काम करायचं नाही. हे लोण आजूबाजूला गेलं, पुढच्या मे महिन्यात सुप्यात दंगा झाला, कर्जाचे कागद जाळले गेले, चौकशीला कमिशन बसलं, आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जापासून थोडं संरक्षण देणारा कायदा आला.

मला यात कायदा आला यापेक्षा तो न्हावी आणि तो पाणक्या जास्त महत्त्वाचे वाटतात. सावकाराकडून मिळणारं त्यांचं काम गेलं, ते त्यांनी स्वतः सोडलं. कुणी मुंबईत बसून त्यांच्या वतीनं ठरवलं नव्हतं.

सहा वर्षांनी आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात जमीनदाराचा एक कारभारी होता, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, त्याच्यावर कुळांनी हेच केलं आणि त्याचं आडनाव जगाला शब्द म्हणून मिळालं. बाहेरून पन्नास मजूर आले, सरकारनं त्यांच्या रक्षणाला फौज पाठवली, तेव्हा कुठं त्याचं पीक निघालं, काही शे पौंडांच्या पिकासाठी सुमारे १०,००० पौंड खर्च झाले. तिथंही शेतावरचं काम सोडणारे मजूर तिथलेच होते.

पण याच हत्याराची दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्रानं फार बघितली आहे आणि ती इथं न सांगणं चुकीचं होईल. वाळीत टाकणं. दलितांनी विहिरीवर पाणी भरलं, चांगले कपडे घातले, शाळेत पोरं पाठवली की गावानं त्यांना शेतावर काम द्यायचं नाही, दुकानातून मीठ-मिरची द्यायची नाही, रस्ता वापरू द्यायचा नाही. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीनं १९३० च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं, त्या समितीत डॉ. आंबेडकर होते. ज्याच्या हातात जमीन आहे त्यानं, ज्याच्या हातात नुसते हात आहेत त्याला उपाशी मारायचं, याला बहिष्कार हाच शब्द वापरला गेला. जातपंचायतींचे असे फतवे इतके टिकून राहिले की २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे बहिष्कार चांगला की वाईट असा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो कोण कुणावर टाकतंय, जोर कुणाकडं आहे, हे आधी विचारलं पाहिजे.

पुण्यात बहिष्कार म्हटलं की ७ ऑक्टोबर १९०५ ची विदेशी कपड्यांची होळी आठवते. लकडी पुलापलीकडं सावरकर आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी ती पेटवली, टिळक तिथं बोलले, आणि फर्ग्युसननं सावरकरांना दहा रुपये दंड करून होस्टेलबाहेर काढलं. कारण बंगालची फाळणी. ती फाळणी १९११ साली रद्द झाली. पण खुद्द बंगालमध्ये काय झालं हे आपण कमी वाचतो. विलायती कापड स्वस्त होतं, देशी महाग. भद्रलोकांना, म्हणजे शिकल्यासवरल्या सुखवस्तू मंडळींना, ते परवडत होतं, पूर्व बंगालमधल्या गरीब शेतकऱ्याला, तो बहुतेक मुसलमान, त्याला नाही. बाजारात विलायती माल विकणाऱ्या छोट्या दुकानदारांवर दांडगाई व्हायला लागली. रवींद्रनाथ टागोर सुरुवातीला या चळवळीत पुढं होते, पण गरिबावर महाग कापडाची सक्ती होतेय हे बघून ते दूर झाले आणि उघडपणे तसं बोलले. त्यांना त्याबद्दल खूप ऐकून घ्यावं लागलं. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. फाळणीविरुद्धचा राग खरा होता, पण त्याचं बिल ज्यांना दिलं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि समुद्रापलीकडच्या गिरणी कामगाराचं काय? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते, तिथून ते मुद्दाम लँकेशायरला गेले, डार्वेन गावाजवळ, जिथं गिरण्या बंद पडलेल्या आणि घराघरात बेकारी. त्या बेकारीला त्यांचाही बहिष्कार थोडा कारणीभूत होता हे सगळ्यांना माहीत होतं. एकट्या बहिष्कारानं लँकेशायर बुडालं असं नाही, जपानी कापड आलं होतं, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या होत्या, भारतात आयातीवर जकात वाढली होती आणि वर जागतिक मंदी, पण बहिष्काराचा वाटा होता. गांधीजींनी टाळाटाळ केली नाही. त्यांनी सांगितलं की तुमच्याकडं तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडं तीस कोटी माणसं अर्धं वर्ष बिनकामाची असतात, तुम्हाला बेकारभत्ता सत्तर शिलिंग मिळतो आणि आमच्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न साडेसात शिलिंग आहे. त्यांच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं असंही म्हणाले. एक बेकार कामगार म्हणाला की मी बेकार आहे खरा, पण मी हिंदुस्थानात असतो तर गांधींसारखंच बोललो असतो. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात गांधीजी पंच्यात उभे आहेत आणि बायका हात वर करून जल्लोष करतायत असा एक फोटो आहे, तो मी किती वेळा बघितलाय.

या भेटीनं लँकेशायरमधल्या एकाचीही नोकरी परत आली नाही. पण ज्याला फटका बसणार त्याच्या समोर जाऊन उभं राहायचं, का करतोय ते सांगायचं, हे किती जण करतात? मी तरी दुसरं उदाहरण शोधतेच आहे.

अमेरिकेतलं माँटगोमेरी बघा. तिथं कायदाच होता की बसमध्ये काळ्या लोकांनी मागं बसायचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी जागा सोडली नाही, त्यांना अटक झाली, आणि ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बस सोडली ती ३८१ दिवस. बसचे साधारण तीन चतुर्थांश प्रवासी हेच लोक होते आणि त्यातल्या फार बायका गोऱ्यांच्या घरी धुणं-भांडी, स्वयंपाक, पोरं सांभाळणं करायच्या. आपल्याकडं कोथरूडच्या सोसायटीत वारज्याहून, जनता वसाहतीतून मावशी येतात ना, तसंच. आता विचार करा, पीएमटी (लोक अजून तेच म्हणतात) वर्षभर सोडायची आणि सकाळ-संध्याकाळ चालत यायचं, थंडीत, पावसात, चार घरची कामं करून. कामगारांना त्रास झाला का? प्रचंड झाला. बस कंपनीच्या काही ड्रायव्हरांच्याही नोकऱ्या गेल्या. पण "बहिष्कारानं गरीब बायकांचे हाल होतात" असं त्या बायकांच्या तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की आणि बसमध्ये होत होते ते कोण मोजणार?

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे म्हणून जरा थांबते. आपण बहिष्काराचं नुकसान मोजतो कारण ते नवीन असतं, दिसतं, पेपरात येतं. अन्यायी कायद्याचं नुकसान रोजचं असतं म्हणून ते हिशोबात धरतच नाही. माझ्यासारख्या वही लिहिणाऱ्या बाईला हे पटकन कळतं, एकाच बाजूच्या नोंदी केल्या तर ताळेबंद जुळत नाही.

आणि माँटगोमेरीत लोकांनी नुसतं सोसलं नाही, सोसायची व्यवस्था केली. सुमारे तीनशे गाड्यांचं आपसातलं वाहतुकीचं जाळं उभं केलं, थांबे ठरवले, पेट्रोलचे पैसे गोळा केले. जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती, बहिष्कारावरून भरलेल्या खटल्यात साक्ष दिली म्हणून तिचं काम गेलं, तर तिनं घरातच जेवण बनवून विकायला सुरुवात केली, ती आणि तिच्या ओळखीच्या बायका केक, तळलेलं चिकन विकून दर आठवड्याला चळवळीला पैसे द्यायच्या, आणि पैसे कुठून आले विचारलं तर कुठूनच नाही म्हणायच्या, म्हणून त्यांच्या क्लबचं नावच "कुठूनच नाही" असं पडलं, कारण नाव कळलं असतं तर बाकीच्यांचीही कामं गेली असती. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो बसचा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि डिसेंबरात लोक परत बसमध्ये चढले. निकाल कोर्टानं दिला हे खरं, नुसत्या बहिष्कारानं कायदा पडला नाही. पण वर्षभर लोक चालत राहिले नसते तर त्या कायद्याविरुद्धचा खटला एवढा कुणाच्या डोळ्यांत भरला असता का, मला शंका आहे.

आता दक्षिण आफ्रिका, जिथं हा वाद सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जास्त वर्षं चालला. तिथल्या गोऱ्या सरकारच्या वर्णभेदी कायद्यांवरून भारतानं १९४६ सालीच तिच्याशी व्यापार बंद केला होता, असं करणारा पहिला देश आपला. पुढं १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला सांगितलं की आमच्या देशाचा माल घेऊ नका. आणि त्यांनी लपवलं नाही, ते म्हणाले की यानं आमच्याच लोकांना त्रास होईल हे आम्हाला कळतंय, पण रक्तपात कमी दिवसांत संपणार असेल तर ही किंमत मोजायला आम्ही तयार आहोत, आणि तसंही आमची पोरं आजच अर्धपोटी आहेत.

नंतर ऐंशीच्या दशकात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन म्हणत राहिले की निर्बंधांनी काळा कामगारच मरेल. दक्षिण आफ्रिकेच्या आतही असं मानणारे होते, वर्णभेदाला आयुष्यभर विरोध केलेल्या खासदार हेलन सुझमनही त्यात होत्या, त्यामुळे असं म्हणणारा प्रत्येक जण ढोंगी होता असं म्हणता येणार नाही. पण १९८५ साली तिथल्या काळ्या कामगारांच्या युनियननी एकत्र येऊन जो मोठा महासंघ काढला, कोसाटू, त्यानं निर्बंधांना पाठिंबा दिला. ज्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या तेच म्हणत होते की करा. आणि सगळ्यांचं एकमत होतं असंही नाही, लोकांना काय वाटतं याची सर्वेक्षणं झाली त्यात प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर बदलायचं. साहजिक आहे. "तुमची नोकरी जावी असं वाटतं का" विचारलं तर कोण हो म्हणेल?

नोकऱ्या गेल्या. १९८६ मध्ये जनरल मोटर्सनं आपला कारखाना स्थानिक मॅनेजरांना विकून देश सोडायचं ठरवलं तेव्हा पोर्ट एलिझाबेथच्या कामगारांनी संप केला. कंपनी जातेय याविरुद्ध तो संप नव्हता, आम्हाला न विचारता जाताय, आमच्या सेवेचे पैसे आणि पेन्शनचं काय ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. ही बातमी वाचली तेव्हा मला चाकणचे कंत्राटी कामगार डोळ्यांपुढं आले. माणूस मोठ्या कारणासाठी सोसायला तयार असतो, पण त्याचा हिशोब न करता त्याला मधल्या मधे सोडून दिलेलं त्याला चालत नाही.

सरकारला खरा घाम कशानं फुटला? संत्री-द्राक्षं न घेतल्यानं थोडा, पण १९८५ मध्ये अमेरिकेतल्या चेस मॅनहॅटन बँकेनं कर्जांची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, बाकीच्या बँका मागं आल्या, तिथलं चलन रँड कोसळलं, सरकारला काही दिवस शेअर बाजार बंद ठेवावा लागला आणि परदेशी कर्ज फेडणं थांबवावं लागलं. म्हणजे दाब कुठं द्यायचा यालाही महत्त्व आहे, फळं तोडणाऱ्याच्या मजुरीवर दाबायचं की सरकारच्या कर्जाच्या नळावर. बँकेचा हा निर्णय नीतीपेक्षा भीतीपोटी होता, तिला पैसे बुडायची काळजी होती, पण ती काळजी तिला वाटावी एवढी अस्थिरता देशातल्या लोकांनी आणि बाहेरच्या मोहिमांनी मिळून तयार केली होती. १९९० ला मंडेला सुटले, १९९४ ला सगळ्यांनी मतदान केलं. एकट्या निर्बंधांनी हे झालं असं म्हणणं चूक, निर्बंधांचा काहीच वाटा नव्हता म्हणणंही चूक.

आणि डब्लिनची ती पोरगी. जुलै १९८४ मध्ये एका मोठ्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या एकवीस वर्षांच्या मेरी मॅनिंगनं दक्षिण आफ्रिकेची फळं बिलात घ्यायला नकार दिला, कारण युनियननं तसं ठरवलं होतं. तिला सस्पेंड केलं, तिच्यासोबत आणखी दहा-एक जण बाहेर पडले आणि जवळजवळ तीन वर्षं संपावर राहिले. सुरुवातीला तिला वर्णभेदाची फारशी माहितीही नव्हती, ती तिला रस्त्यावर उभं राहूनच कळत गेली. शेवटी १९८७ मध्ये आयर्लंडनं तिथली फळं-भाजी आणायलाच बंदी केली. यात किंमत मोजली ती काउंटरवरच्या कामगारांनी, आणि पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून.

जिथं बहिष्काराच्या नुसत्या धमकीनं सत्यानाश झाला ते उदाहरण बांगलादेशचं. १९९२ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी विधेयक मांडलं की बालकामगारांनी बनवलेला माल देशात येऊ द्यायचा नाही. हेतू चांगला. ते विधेयक कधी पास झालंच नाही. पण ढाक्याचे कारखानदार घाबरले आणि त्यांनी अंदाजे ५०,००० मुलांना, त्यात मुलीच जास्त, एका फटक्यात काढून टाकलं. युनिसेफनं नंतर शोध घेतला तेव्हा त्यातली बरीच मुलं शाळेत गेलेली नव्हती, खडी फोडत होती, रस्त्यावर वस्तू विकत होती, काही वेश्याव्यवसायात ढकलली गेली होती. शिवणयंत्रावरचं काम वाईट होतं, हे त्याहून वाईट. मग १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला की आधी शाळेत जागा करायची, घरी थोडा भत्ता द्यायचा, आणि मगच मुलाला कामावरून काढायचं. हे दोन वर्षं आधी सुचलं असतं तर! कितीतरी पोरी वाचल्या असत्या, मला हे वाचताना खरंच रडू आलं होतं.

अलीकडच्या अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगते, कारण तिथं आता कायद्यावरून अख्ख्या राज्यावर बहिष्कार टाकायची पद्धत पडली आहे. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनानं कायदा केला की सरकारी इमारतींतलं स्वच्छतागृह जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच वापरायचं, ट्रान्सजेंडर लोकांना सरळ अडवणारा. पेपाल कंपनीनं शार्लट शहरातलं चारशे नोकऱ्यांचं सेंटर रद्द केलं, बास्केटबॉलचा मोठा सामना दुसरीकडं गेला, गायकांनी कार्यक्रम रद्द केले. वर्षभरात तो कायदा मागं घेतला, पूर्ण नाही पण बराचसा. चारशे नोकऱ्या मात्र तिथल्या पोरांना मिळाल्या नाहीत. पण याच कायद्यात एक कलम होतं ज्याकडं फार कुणाचं लक्ष गेलं नाही: शहरांना आपल्या हद्दीतल्या खासगी कामगारांसाठी वेगळं किमान वेतन ठरवायलाही त्यात बंदी होती. आता सांगा, कामगाराचं नुकसान कोण करत होतं?

दुसरी गोष्ट जॉर्जियाची. २०२१ मध्ये तिथं मतदानावर बंधनं आणणारा कायदा झाला, बेसबॉलवाल्यांनी आपला मोठा सामना अटलांटाहून डेन्व्हरला नेला. आणि या कायद्याविरुद्ध सगळ्यात जोरात लढणाऱ्या स्टेसी अब्राम्स यांनीच हात जोडले की बहिष्कार नको, इथला कामगार भरडला जाईल, इथं राहा आणि आमच्या बाजूनं बोला. त्या वर्षीचा सामना गेला तो गेलाच, कायदा आहे तिथंच आहे.

लुथुली म्हणाले करा, अब्राम्स म्हणाल्या करू नका. दोघंही काळे, दोघंही अन्यायाविरुद्धच, दोघांनाही खालच्या माणसाची काळजी. मला यात विरोधाभास दिसत नाही. लुथुलींच्या लोकांकडं मतच नव्हतं, दुसरा रस्ताच बंद होता. अब्राम्स यांच्या लोकांकडं मत होतं, ते वापरून चारच महिन्यांपूर्वी राज्याचा कौल बदलला होता, त्यांना ती माणसं कामावर आणि राज्यात हवी होती. म्हणून बाहेरून बहिष्काराची हाक आली की मी आता पहिल्यांदा हे शोधते की ज्यांच्यासाठी म्हणून चाललंय त्यांच्या युनियन, त्यांच्या संघटना काय म्हणतायत. त्यांनी मागितलं असेल तर "गरिबांचं काय" म्हणून आपण त्यांच्यावर उपकार करायला जाऊ नये. त्यांनी नको म्हटलं असेल तर आपल्या मनाच्या समाधानासाठी त्यांच्या ताटावर पाय देऊ नये.

मग मी बघते की मागणी काय आहे, म्हणजे काय झालं की हे थांबणार ते सांगितलंय का. आणि तिसरं, जे माझ्या मते सगळ्यात जास्त विसरलं जातं, ज्याचा रोज बुडणार त्याच्यासाठी कुणी डबा फिरवलाय का. माँटगोमेरीत केक विकून पेट्रोल भरलं. डब्लिनच्या पोरींना युनियनकडून संपभत्ता होता, तुटपुंजा का होईना. आपल्या पुण्यात तर बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ चा माथाडी कायदा आपल्याच राज्याचा, ज्यात हमालांसाठी मंडळं झाली, प्रॉव्हिडंट फंड, सुट्टीचे पैसे आले. ज्या शहराला हमालाच्या पोटाचा विचार करायची एवढी सवय आहे त्या शहरात बंद पुकारताना एक निधी काढणं अवघड नव्हतं. व्यापारी संघटनांच्या बैठकांना मामा जायचे, वर्गणी निघायची, बॅनरला निघायची, वकिलाला निघायची. हमालांसाठी वर्गणी निघाल्याचं मामांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तेव्हा सुचवलं नाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी एलबीटी गेला. मामांनी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले, अण्णांनाही दिले. बंदच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी दोन हजारांची उचल मागितली होती आणि मामांनी लगेच काढून दिली होती, मामा मनानं वाईट नाहीत. ती उचल पुढं जूनपासून त्यांच्या हमालीतून दर आठवड्याला दोनशे-दोनशे करून वळती झाली. ती वही अजून आहे, आणि त्या सगळ्या वजाबाक्या माझ्या अक्षरात आहेत.